वाटूरकडून उभा राहिलेला गोलकीपर

जाफराबादच्या स्टँडवर दुर्गाबाई जालन्याच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर दोघं जण आदल्या दिवशी हरलेल्या फुटबॉलच्या फायनलवर बोलत होते.

“अरे धर्मराज, तो सोमेश्वर आपल्या क्लबात राह्यला असता तर कप आपलाच व्हता.”

“आपला गोलकीपर अन् काल वाटूरकडून खेळला! दोन पेनल्ट्या अडवल्या आपल्या.”

“सात वर्षं आपण डोक्यावर घेतलं त्याला. बिलकुल बेइमान निघाला.”

“मैदानात शिव्या घातल्या मी. त्यानं वर बघितलंबी न्हाई.”

दुर्गाबाईंना राहवलं नाही.

“तुमच्याकडून खेळतानाच त्याचा गुडघा फुटला. चार महिने घरात पडून व्हता. क्लबातलं कोण बघाया आल्तं?”

दुर्गाबाईंनी पिशवी मांडीवर ओढली.

“वाटूरवाल्यांनी दवाखान्यात नेलं, पायावर उभा केला. मंग तो कोणाकडून खेळंल?”

“तुम्ही कोण त्याच्या, मावशी?”

“आई.”

तेवढ्यात गाडी लागली. धर्मराजनं त्यांची पिशवी वर चढवली, खिडकीजवळची जागाही धरून दिली. मग मागच्या सीटवर बसत तो हळूच म्हणाला, “गुडघ्याचं बराबर हाये, मावशी. पण आपल्या पेनल्ट्या अडवायच्या न्हवत्या त्यानं.”