डब्यातली भेंडी

— नाई साहेब, ते दार वाजवू नका. इकडे या, माह्या ओट्यावर बसा. चपला राहू द्या. जरीनाबाई घरीच आहेत, जाग्याच आहेत, पण आधी माह्याजवळ बसायचं असं मीच ठरवलं आहे. मी गिरजा — भिंतीला भिंत लागून राह्यतो आम्ही. तुम्ही आकिबचे साहेब न, पतसंस्थेच्या मोठ्या ऑफिसातले? ओळखलं मी. जनाज्याच्या वेळी त्या खांबाजवळ उभे होते तुम्ही. कसं झालं हेच विचारायले आले असान. मले विचारा. मले पाठ आहे. एटापल्लीच्या शाखेतून मोटारसायकलनं परत येत होता, आलापल्लीच्या जंगलात रानडुक्कर आडवं आलं, तिथंच गेला. बस. पाहा, किती लवकर झालं सांगून.

पण जरीनाबाई त्याची आई, आईले असं सांगता येते का? नाई येत. कोणी 'कसं झालं' म्हटलं की त्या सकाळपासून सुरू करत — चहात पाव बुडवून खाल्ला, डब्यात वांगं नको म्हणाला, मंग मी भेंडी दिली, गल्लीच्या कोपऱ्यावरून एकदा मागं पाह्यलं — पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द गाळत नव्हत्या. नळावरच्या बाया आल्या, पहिल्यापासून. मशिदीकडच्या आल्या, पहिल्यापासून. मंग त्या शुक्रवारी पोंभुर्ण्याचे पाहुणे, तुमच्या ऑफिसातले, अन् आकिबचे दोस्त, सारे एकदम दारात. इकडे सांगणं संपत नाई तं तिकडून दुसरी विचारे. परत चहा, परत पाव. 'डब्यात भेंडी' इथवर आल्या अन् थांबल्या. तेव्हापासून शब्द नाई.

तेव्हा मले आकिबचं एक बोलणं आठवलं. तुमचंच काम तुम्हाले सांगून राह्यली, हसू नका. एकदा तो इथीच बसला होता, मी मासे साफ करत होती. मले विचारायची खोडच आहे — काऊन रे, रोज इतका उशीर? तं म्हणे, मावशी, शाखाशाखांत आमचे राऊटर आहेत, कुठून आलेलं कुठी पाठवायचं हे सारं त्यांच्यात लिहून असते. मोठ्या ऑफिसातलं कॉम्प्युटर दर तासाले साऱ्यांना एकदम विचारते — काय काय लिहिलं आहे, म्हणून दाखवा, मी नक्कल ठेवतो. नक्कल चांगलीच, एखादा बिघडला तं हाताशी राह्यते. पण एटापल्लीचा जुना, त्याचं डोकं लहान. तो पहिल्या ओळीपासून म्हणत बसते, सारा प्रोसेसर त्यातच जाते, अन् पैशाच्या खिडकीपुढं माणूस ताटकळत. अन् लिहिलेलं तं कालचंच, एक अक्षर बदललं नाई. मी म्हटलं, मंग विचारणंच बंद कर न बापा. नाई म्हणे, बंद नाई करायचं. कोणी काई बदललं तं राऊटरनंच निरोप द्यायचा, तेव्हा घ्यायची नक्कल. नाई तं दिवसातून एकदाच विचारायचं, अन् एकेकाले. त्या दिवशी तेच करायले गेला होता न तिकडे? चालते न आता ते? — हं. बरं झालं.

म्हणून मी हे असं केलं. जो येईल तो माह्या ओट्यावर. सांगायचं ते मी सांगते, चहा देते, वाटेले लावते. सांगून सांगून आता काईच होत नाई मले. रानडुक्कर म्हणते अन् भाजीत मीठ टाकल्यासारखं वाटते. लहानपणी या दगडावर बसवून आंघोळ घातली आहे मी त्याले, साहेब. लग्नासाठी किती पोरी सुचवल्या, हात जोडे, मावशी पुरे म्हणे. तरी काईच नाई होत. डोमा — माहा मालक — काल तलावावरून आला तं खांद्यावरचं जाळं उतरवायच्या आधी म्हणते, पोरानं काय सांगितलं अन् तू काय केलं? तू तं विचारणंच बंद केलं. त्या बाईच्या आत काय आहे, कोणाले माहीत आता? मी म्हटलं, हातपाय धू, जेवून घे.

अन् मी तरी कुठी विचारते? ताट उंबऱ्यावर ठेवते अन् येते. रिकामं असलं तं उचलते, भरलं असलं तं बी उचलते. आत नाई गेली मी. त्यांच्यासमोर बसलं अन् त्यांनी माह्याकडे पाह्यलं तं — जाऊ द्या. हे तुम्हाले काऊन सांगून राह्यली मी? चहा थंडा झाला, प्या तो. तं असं आहे साहेब, नवीन काई नाई. कालच्यासारखंच आहे. तुम्ही जा, काई बदल झाला तं मीच निरोप —

थांबा. कडी वाजली का?

जरीनाबाई? अशा काऊन उभ्या? पदर तं घ्या. कोणी नाई, आकिबचे साहेब आहेत, ते चाललेच — काय? काय म्हणता?

"गिरजा, भेंडी नव्हती. वांगंच भरून दिलं मी त्याले."

— हे त्यांनी कोणालेच सांगितलं नव्हतं, साहेब.

उठा तुम्ही. कप राहू द्या तिथंच. जा. मले आत जाऊ द्या.