धावपट्टीच्या अलीकडे

(विमानतळावरची चौकशीची खोली. दोघांना जबानी लिहायला बसवलं आहे.)

कॅप्टन : लक्षात ठेव पोरी, विमानात कॅप्टनच्या वर फक्त परमेश्वर असतो.

सहवैमानिक : सर, आपण तेव्हा जमिनीवर होतो.

कॅप्टन : तेच ते. तू एवढंच लिही, कंट्रोल टॉवरची सूचना नीट ऐकू आली नाही.

सहवैमानिक : 'धावपट्टीच्या अलीकडे थांबा' म्हणाले ते. नियमाप्रमाणे मी ते शब्द न् शब्द परत म्हणून दाखवलं. टेपवर माझाच आवाज आहे, शाळेत कविता म्हणावी तसा.

कॅप्टन : धावपट्टी रिकामी होती. मी दोन्हीकडे पाहिलं.

सहवैमानिक : एका बाजूला डोळ्यांवर ऊन होतं. धावपट्टीवरची गाडी तुम्हाला दिसली नाही, टॉवरला दिसत होती. म्हणून तर थांबवलं.

कॅप्टन : टॉवरमधल्या त्या पोराचा आवाज ऐकलास? मिसरूड फुटलं नसेल अजून. एकतीस वर्षं विमानं चालवतोय मी, आणि हा मला थांब म्हणणार.

सहवैमानिक : मिसरूड नसेल सर, पण खिडकी आहे त्याला.

कॅप्टन : धोका वाटला तर कॅप्टन सूचना नाकारू शकतो. नियमच आहे तसा.

सहवैमानिक : नाकारायची तर तसं त्यांना सांगायचं असतं. आपण 'थांबतो' म्हणालो आणि निघालो.

कॅप्टन : धडक तर नाही ना झाली?

सहवैमानिक : नाही. मेलेला पक्षी उचलायला दोघं कामगार त्या गाडीतून आले होते. विमान अंगावर येताना पाहून एकानं गाडीतून उडी टाकली. पाय मोडलाय. डॉक्टरला म्हणत होता, चूक माझीच असेल, पण टॉवरला विचारूनच गेलो होतो हो.

कॅप्टन : तीन महिन्यांनी निवृत्त होतोय मी. निरोपाचं भाषणसुद्धा लिहून ठेवलंय.

सहवैमानिक : मला नोकरीला लागून अकराच महिने झालेत. चाकं हलली तेव्हा 'सर, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढंही मी बोलले नाही. तेही लिहिलंय.

कॅप्टन : वेडी आहेस का? लायसन्स जाईल.

सहवैमानिक : जाईल कदाचित.

कॅप्टन : मग तेव्हा का नाही बोललीस?

सहवैमानिक : पहिल्याच उड्डाणाला तुम्ही बजावलं होतंत, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ती सूचना मी पाळली.

कॅप्टन : ...हे पण लिहिलंस?

सहवैमानिक : नाही. ते तुमच्या कागदावर शोभेल.

कॅप्टन : तुझं झालं की ते पेन दे जरा. माझ्याकडे पेन्सिलच आहे, तिचं लिहिलेलं खोडता येतं.