जांभळखोलीच्या वळणावरचा पांढरा दिवा

ऐका. पाय जरा जवळ घ्या, शेकोटी सगळ्यांना पुरली पाहिजे. आणि मधे बोलू नका, माझं सूत तुटतं मग.

दिवस बुडून दोन तास झाले होते. गुणाजी तांडेल बंदरावरून मासळीची व्हॅन घेऊन घाटाकडं निघाला. एकटाच. नारळी पौर्णिमा होऊन आठ-दहा दिवस झालेले. होड्या नुकत्याच दर्यात गेलेल्या. मागं बर्फात बांगडा आणि सुरमई, पुढं हा एकटा. शेजारची सीट रिकामी.

ती सीट रिकामी का, ते आधी ऐका. मासळीच्या गाडीत कोण बसतं? वाटेत कुणी हात केला तरी वास आला की माणूस हात खाली घेतो. पण गुणाजीच्या गाडीत एक माणूस बसायचं. त्याची बायको, शेवंती. एकवीस वर्षं ती त्या डाव्या सीटवर बसून घाट चढली. तिचं काम काय? बोलायचं, म्हणजे याला झोप लागायची नाही. आणि डावीकडची कड बघायची. आपल्या जुन्या घाटात चढताना दरी डाव्या हाताला, ठाऊक आहे ना? ती खिडकीतनं डोकं बाहेर काढून सांगायची, “अवो, उजवीकडं घ्या, कड आली.” आणि हा घ्यायचा. एवढंच. एकवीस वर्षं.

मग ती गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं. रिकाम्या घरात रात्र काढवेना, म्हणून जो माणूस आठवड्याला तीन फेऱ्या करायचा तो पाच करायला लागला. गाडीत तरी इंजिनाचा आवाज असतो, म्हणायचा.

आता यात मी कुठं आलो? माझं दुकान होतं घाटमाथ्याच्या नाक्यावर. गाड्यांचं वायरिंग, बॅटरी, दिवे. गुणाजी मासळी बाजारात उतरवून परत जाताना माझ्याकडं चहाला थांबायचा. तो बोलायचा मालवणी, मी आपल्या बोलीत सांगतो. तर त्या दिवशी सकाळी आला आणि म्हणाला, “मेस्त्री, मला रात्रीचं दिसेनासं झालंय.”

“डोळे दाखव मग.”

“दाखवले. चष्मा पण झाला. डोळ्यांचं नाही ते. कड दिसत नाही.”

आणि पिशवीतनं त्यानं एक खोकं काढलं. शहरातनं आणलेले बल्ब. एलईडी, पांढरेशुभ्र. दुकानदारानं सांगितलेलं, बसवा, रात्रीचा दिवस होईल.

सर्जेराव, तू नीट ऐक, तुझ्या गाडीला परवा तेच बसवून आलायस.

मी गुणाजीला समजावलं. म्हटलं, तुझ्या गाडीच्या दिव्यात मागं एक चकचकीत वाटी असते. ती वाटी साध्या पिवळ्या हॅलोजन बल्बसाठी केलेली. त्या बल्बची तार जिथं जळते, नेमक्या तिथनं उजेड निघाला तर वाटी तो गोळा करते आणि रस्त्यावर टाकते. तुझा हा पांढरा बल्ब वेगळ्याच जागेवरनं उजेड फेकणार. मग वाटीला तो आवरत नाही. चौफेर उधळतो, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नव्या गाड्यांना पुढं भिंगाचा दिवा असतो, पांढऱ्या उजेडासाठीच बनवलेला, त्यांचं वेगळं. तुझी गाडी तसली नाही. आणि धुकं आलं ना, तर हा सगळा उजेड तुझ्याच डोळ्यांत परत येणार.

“मग काय करू?”

“दिव्याची काच पिवळी पडलीय, ती घासून देतो. दिव्याचा निम्मा जोर जुन्या वायरीतच मरतोय, त्याला रिले टाकून बॅटरीवरनं थेट जाड वायर ओढतो. बल्ब हॅलोजनच, पण चांगला. बंपरखाली दोन पिवळे फॉग लाईट. आणि शाळेच्या भिंतीवर उजेड टाकून फोकस लावून घेऊ, म्हणजे झोत वर न जाता रस्त्यावर पडेल. बास आहे तेवढं.”

“त्यानं कड दिसेल?”

“दिसायला पाहिजे तेवढी दिसेल.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मेस्त्री, आधी गाडीत चार डोळे होते. आता दोनच राहिलेत. मला दिवसासारखं करून दे.”

बसवले मी. चूक माझी आहे, मी ती कधी लपवली नाही. शटर खाली ओढून अंधारात दिवे लावून बघितले, तर समोरच्या भिंतीवरची कोळ्याची जाळी मोजता येत होती. गुणाजी हसला. ती गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. म्हणून मी फोकससुद्धा बघितला नाही. जाऊ दे म्हटलं, आनंदात आहे.

तर त्याच रात्री, दोन तास झाले होते दिवस बुडून, तो निघाला.

खालच्या सपाटीवर सगळं झकास. झाडाचं पान न् पान दिसतंय. घाट लागला, पहिली चार वळणं तशीच गेली. पाचव्या वळणाला धुकं उतरलं. आणि मी सांगितलं तसंच झालं, बरं का. समोर पांढरी भिंत. अप्पर मारला, भिंत आणखी जाड. डिपर केला, भिंत आणखी जवळ. रस्ता नाही, कड नाही, काहीच नाही. नुसता उजेड. एवढ्या उजेडात माणूस आंधळा झाला.

सरकत सरकत तो जांभळखोलीच्या वळणाला आला. तिथं दरीच्या अंगाला दगडी कठडा आहे, त्यावर एक माणूस बसलेला. अंगावर घोंगडं. त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला.

“दिवा खाली घे, बाबा.”

गुणाजी सज्जन माणूस. समोरच्यासाठी दिवा खाली घेतला नाही असं त्यानं जन्मात केलं नव्हतं. म्हणाला, “घेतलेलाच आहे. कुठं जायचंय? बसतोस?”

माणसानं हात खाली घेतला. गाडी पुढं गेली. गुणाजीला वाटलं, वास आला असेल मासळीचा.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. आणि परत तोच कठडा. तोच, वरचा एक दगड निसटलेला. आता माणूस उठून रस्त्यावर उभा.

“दिवा खाली घे. डोळ्यांत जातो.”

“यापेक्षा खाली होत नाही रे.”

“होतो.”

तुमच्यात जे म्हातारे आहेत त्यांनी ओळखलं असेल. चकवा. चकवा लागला की माणूस कितीही चालो, जिथनं निघाला तिथंच येतो. गुणाजीनंही ओळखलं. पण घाटात, धुक्यात, मागं वळणार कुठं? त्याला वाटलं, मागतोय ते देऊन टाकू, म्हणजे सोडेल. त्यानं मोठे दिवे बंद केले, नुसते पार्किंगचे ठेवले. बारीक पिवळा उजेड. आणि गंमत बघा, त्या बारीक उजेडात त्याला पायापुरता रस्ता दिसला. पांढऱ्यात दिसत नव्हता तो. त्यावर तो दुसऱ्या गिअरमध्ये चढत राहिला. एक वळण. दोन वळणं. तोंडानं मोजत होता.

आणि परत कठडा.

या वेळी माणूस गाडीच्या पुढ्यात. दोन्ही तळहात दोन्ही दिव्यांच्या काचांवर ठेवलेले. आता दिव्यापुढं माणूस उभा राहिला तर धुक्यात त्याची सावली केवढी लांब पडते. याची पडलीच नाही. उजेड हातातनं आरपार येत होता.

“बंद कर,” तो म्हणाला. “माझी वाट असल्या दिव्यानंच गेली.”

गुणाजीनं बटण दाबलं.

अंधार. असा अंधार की डोळे उघडे आहेत का मिटलेत, तेही कळेना. इंजिन तेवढं चालू. आणि मग डाव्या सीटची स्प्रिंग वाजली. दार उघडलं नव्हतं. नुसती सीट दबली, माणूस बसल्यावर दबते तशी.

“अवो, हळूहळू चला. मी बघते कड.”

शेवंतीचा आवाज.

गुणाजी मला म्हणाला, मेस्त्री, मी भ्यालो नाही. मला रडू आलं. दोन वर्षांत त्याला कुणी ‘अवो’ म्हटलं नव्हतं. त्यानं पहिला गिअर टाकला.

“उजवीकडं घ्या.” त्यानं घेतलं. बरोबर होतं, चाकाखाली डांबर लागत होतं. “आता सरळ.” तेही बरोबर. मग हा बोलायला लागला. दोन वर्षांचं साठलेलं सगळं. छपराचे नळे बदलले. मांजर शेजारच्या घरी राहायला गेलं. तुझ्या हातचं बांगड्याचं तिखलं कुणाला जमत नाही. ती नुसती “हूं” म्हणत होती. घाटातल्या त्या अंधारात, दिवा बंद, दरी शेजारी, आणि हा माणूस घरात बसल्यासारखा बोलत होता. कुणीतरी ऐकतंय, एवढंच त्याला पुरे होतं.

“आता डावीकडं,” ती म्हणाली. “अजून थोडं.”

त्यानं घेतलं. चाकाखालचं डांबर संपलं, खडी वाजायला लागली. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“थांबता कशाला? रस्ता रुंद आहे इथं. घ्या.”

तो थांबलेलाच. ना पुढं, ना मागं. मनात येत होतं, ती म्हणतेय ना, मग घ्यावी. तेवढ्यात आवाज पुन्हा आला, घाईनं.

“गुणाजी, थांबू नकोस.”

ऐकलंत? शेवंती जुन्या वळणाची बाई. एकवीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलं नव्हतं. रेशनच्या साहेबानं विचारलं तर शेजारणीला सांगायला लावायची. ती ‘गुणाजी’ म्हणेल?

त्यानं ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आणि स्टिअरिंगला धरून बसला.

आवाज रडला. विनवलं त्यानं. मग तो शेवंतीचा राहिलाच नाही. त्या घोंगडीवाल्याचा झाला, दमलेला.

“चल ना रे. किती वर्षं झाली, एकटाच आहे मी इथं.”

“मीपण एकटाच आहे,” गुणाजी म्हणाला. “पण येणार नाही.”

मग सीटची स्प्रिंग सुटल्याचा आवाज आला. गुणाजी उजवीकडच्या दारानं उतरला, हातानं चाचपत रस्ता ओलांडला आणि डोंगराला पाठ लावून उजाडेपर्यंत उभा राहिला. वरनं पाणी ठिबकत होतं, अंग भिजून गेलं, पण डोंगर सोडला नाही त्यानं.

उजाडल्यावर बघतो तर पुढचं डावं चाक अर्धं हवेत. खाली नुसतं धुकं. रस्त्याच्या कामावरची माणसं ट्रकातनं आली, त्यांनी दोर लावून गाडी मागं ओढली. तिथनं तो थेट माझ्या दुकानात. दिव्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “काढ.”

काढले. हॅलोजन बसवले, रिले टाकला, खाली पिवळे फॉग लाईट. शाळेच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून फोकस लावला, रेघेच्या वर बोटभरसुद्धा उजेड जाऊ दिला नाही.

आणि तो माणूस कोण, तेही सांगतो. त्याच्या आधी काही वर्षं जांभळखोलीच्या दरीत एक जण सापडला होता. घोंगडं अंगावर. अकरा दिवसांनी सापडला. कुठला, काय नाव, कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारायला आलं नाही. गावातल्या चौघांनी जाळला. लोक म्हणायचे, रात्री पायी उतरत होता, कुठल्यातरी गाडीच्या झगझगीत दिव्यानं डोळे दिपले आणि पाय कडेवरनं गेला. कुठली गाडी, कुणालाच माहीत नाही. त्या काळात मी मागेल त्या जीपला शंभर वॅटचे बल्ब घालून देत होतो, फोकस न बघता. त्यातली एखादी असेल. नसेलही. मला ते आता कळणार नाही.

गुणाजी पुन्हा त्या घाटानं आला नाही. लांबच्या घाटानं यायचा, दीड तास जास्त लागायचा. तुम्हीही तसंच करा. रात्रीची जांभळखोलीची वाट धरू नका, कितीही घाई असो. आणि कुठं धुक्यात सापडलातच तर गाडी डोंगराच्या अंगाला लावा, पार्किंगचे दिवे चालू ठेवा आणि उजाडायची वाट बघा. शेजारच्या रिकाम्या सीटवरनं आपलं माणूस बोलायला लागलं तर उत्तर देऊ नका. द्यावंसं वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो.

गुणाजी मागच्या साली गेला. घरात, अंथरुणावर. त्याच्या आधी महिनाभर मी त्याला बघायला बंदरावर गेलो होतो. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, “मेस्त्री, आवाज मात्र तिचाच होता बरं का. मी विसरायला लागलो होतो.”