दुसरी रेघ

नाही काका, ते तेवढं माझ्याच्यानं होणार नाही — कागदावर 'निगेटिव्ह' लिहा म्हणजे काय, वाणसामानाची यादी आहे का, गूळ खोडला नि साखर लिहिली? बसा. घातलेली चप्पल काढा परत. रक्तातली साखर तुमची उत्तम आहे, मोतीबिंदू पिकलाय, अडलंय ते या पट्टीवरच्या दुसऱ्या रेघेवर. एक आली तर काही नाही, दोन आल्या म्हणजे रक्तात पांढरी कावीळ. ऑपरेशन रद्द होत नाही हो — लिव्हरच्या डॉक्टरांनी तपासलं की होतं, यादीत शेवटचा नंबर लागतो, एवढंच. सून ताट वेगळं करेल म्हणता? तिला पाठवा माझ्याकडे. जेवणातून पसरत नाही, कपबशीतून पसरत नाही — बावीस वर्षं या लॅबमध्ये सांगतोय, झोपेतसुद्धा सांगेन. आणि हसू नका, पण गेले आठ दिवस घरी माझा कप मीच विसळतो आणि वेगळा ठेवतो.

काय आहे, पट्ट्यांचा नवा डबा फोडला की आधी चांगल्या रक्तावर तपासून बघायचा, आणि चांगलं रक्त म्हणजे आमचं — फुशारकीच होती ती. बोटाला टोचायचं, एक रेघ आली की वहीत 'डबा ठीक, रक्त निगेटिव्ह', खाली सही. गेल्या सोमवारी दोन आल्या. म्हटलं, डबा खराब. दुसरा फोडला — दोन. तिसरा — दोन. मग डबे पुरवणाऱ्याला फोनवर असा झापला की बिचारा धावत आला आणि त्यानं स्वतःचंच बोट पुढं केलं. एक रेघ. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. कुणा पेशंटची सुई मला कधी लागली? काय सांगू — नवीन पोरींवर ओरडतो, वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका म्हणून, आणि स्वतः लावतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

वहीत? वहीत काय लिहिलं म्हणता... 'निगेटिव्ह' लिहिलं. हो. तुम्ही निदान विचारलंत तरी, मी न विचारताच लिहून मोकळा झालो. घाबरलो हो. बायकोला लस घ्यायला सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार, आणि सांगायला तोंड उघडलं की बाहेर काय पडतं — गॅस संपत आलाय का. ती आपली म्हणते, नाही, आहे अजून.

हं, ही तुमची चिठ्ठी, चार नंबरची खोली, लिव्हरचे डॉक्टर — पुढच्या तपासणीचं रक्त तिथंच घेतात. माझीही आहे खिशात, घडीवर फाटलीय. थांबा, ती वही सरकवा जरा इकडे. हे माझं 'निगेटिव्ह' खोडलं. दोन रेघा, आणि ही सही. आता द्या हात — तुम्हाला दिसत नाही, मला धीर नाही, बघणाऱ्यांना वाटू दे मीच तुम्हाला नेतोय. घरी फोन तिथूनच करतो, तुम्ही शेजारी बसा, गॅसचं विचारायला लागलो तर चिमटा काढा.

बाकीच्यांनी बसून घ्या जरा. रक्त काढणारा रक्त द्यायला चाललाय.