इशू अजून उठली नाही

“हॅलो?… हॅलो, रेश्मा?… थांब, आवाज तुटतोय तुझा. मागं टाकीपाशी जाते… हां. बोल आता.”

मुठा गावात सुलक्षणाच्या घरात रेंज कधीच धड नसायची. मागच्या दारी पाण्याच्या टाकीला खेटून उभं राहिलं, तरच पलीकडच्याचं बोलणं सलग ऐकू येई. तव्यावर भाकरी होती. ती तशीच टाकून ती बाहेर आली होती. फोन भावजयीचा होता, आणि तोही एवढ्या सकाळी.

“काय झालं?… अजून?… सात वाजून गेले की गं… अजून उठली न्हाई?… मग रडतीस कशाला?”

“अगं ऐक ना. अंगाला हात लावून बघ. ताप हाय का?… न्हाई ना? छाती वर-खाली हुतीया का?… हां. मग झोपलीया ती, रेश्मा. पोरं झोपतात अशी. तुला बघायची सवय न्हाई, एवढंच.”

इशू म्हणजे ईश्वरी, सुलक्षणाच्या धाकट्या भावाची, रोहितची, तीन वर्षांची मुलगी. भरे गावात त्यांचं घर. घरात तिघंच. रोहित पिरंगुटच्या एका कंपनीत रात्रपाळीला आणि रेश्मा तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीत पॅकिंगला, दिवसा. आणि ही पोरगी अंधार असतानाच टक्क उठून बसायची. वर्षभर रेश्माने ते काढलं. डोळ्यांखाली काळं आलं, कामावर उभ्या उभ्या डुलकी लागायला लागली. तरी ती कुणाला काही बोलली नाही. लहान पोरं उठतातच, असं तिला वाटायचं.

“अहो, तेवढी भाकरी उलटा तव्यावरची… न्हाई, तुला न्हाई गं, यांना म्हणते. तू बोल… न्हाई, न्हाई. खिडकीवरची गोधडी काढू नको. उजेड आला की उठंल… व्हय, पुढं घ्या की जाड पडदा. आज राहू दे.”

“काल दुपारी किती झोपली?… बरं. उठवलंस ना मग?… आणि रात्री? जेवल्या जेवल्या?… चांगलं झालं… बघ, तुला वाटत व्हतं, लवकर झोपवलं तर आणखीनच लवकर उठंल. उलटं असतंय ते. लई दमलेलं पोर पहाटं कच्च्या झोपेतनं उठून बसतंय.”

सुलक्षणा गावच्या अंगणवाडीत सेविका होती. कुठल्या पोराच्या पोटात दुखतं आणि कोण नुसतं आईसाठी रडतं, हे तिला दारातूनच कळे. पण सख्ख्या भावाच्या घरात तिनं कधी नाक खुपसलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी रेश्माचा फोन आला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. त्या पहाटे इशूने स्टुलावर चढून दाराची कडी काढली होती आणि एकटीच रस्त्यावर गेली होती. रेश्मा मेल्यासारखी झोपलेली. त्या रस्त्याने खडीचे डंपर जातात. रोहित कामावरून येत होता. गाडीच्या उजेडात त्याला वळणावर काहीतरी छोटं दिसलं. आधी त्याला कुत्रं वाटलं. जवळ आल्यावर फ्रॉक दिसला. पप्पाला आणायला आले, असं ती म्हणाली. त्याने तिला उचलून घरी आणलं, आणि मग अर्धा तास कडेवरून खाली ठेवलंच नाही.

त्या दिवशी सुलक्षणाने एवढंच विचारलं होतं, की पोरगी उठते, त्यानंतर काय होतं. मग सगळं बाहेर आलं. पप्पा येतात. गाडीवर पुढे बसवून चक्कर मारतात. टपरीवरचा क्रीमरोल देतात, मांडीवर घेऊन मोबाइलवर गाणी लावतात. मग पप्पा झोपतात, ते दुपार कलेपर्यंत. रेश्मा कामावर आणि इशू शेजारच्या काकूंकडे. संध्याकाळी पोरगी घरी येते, तेव्हा पप्पा डबा घेऊन निघालेले असतात. म्हणजे दिवसाचा सगळा सण त्या पहाटेच्या तासात होता, पोरीचाही आणि बापाचाही. त्याच ओढीने ती उठत होती. तो तास सुलक्षणाने त्याला सोडायला सांगितलं.

त्याने सोडला. गाडी देवळापाशीच बंद करून तो ती घरापर्यंत ढकलत आणायचा. ओट्यावर बसून राहायचा. आत पोरगी पप्पा पप्पा करत रडायची. रेश्मा दिवा न लावता, न बोलता, नुसता पाठीवर हात ठेवून तिच्याशेजारी पडून राहायची आणि हा बाहेर चपलेचा अंगठा कुरतडत बसायचा. पहिले दिवस फार वाईट गेले. मग रडणं कमी झालं. उठायची वेळ हळूहळू पुढे सरकली. पण इतकी पुढे आजच.

“कंपनीची गाडी किती वाजता येती तुझी?… मग हाय की येळ. तू आंघोळ उरक, डबा भर… अगं, न्हाई उठली तर न्हाई उठली. शारदाकाकू हायेत ना शेजारी? त्या येऊन बसतील तिच्यापाशी.”

“आणि?… अजून काय हाय?”

“रोहित?… ओट्यावरच?… अजून झोपला न्हाई?… अगं, येऊन दोन तास झाले असतील त्याला… चहा दिलास का?… तसाच निवला?”

सुलक्षणाने टाकीच्या कडेला हात टेकला. अलीकडे इशू सहाच्या सुमाराला उठायची. मग बापलेकीला थोडा वेळ मिळायचा आणि त्यानंतर तो आडवा व्हायचा. आज पोरगी उठलीच नव्हती. तो तसाच बसून होता.

“दे त्याला फोन… दे गं. बोलते मी.”

“रोहित… मी बोलते. झोपला न्हाईस व्हय?… हूं काय? बोल की काहीतरी… काय? परत म्हण, ऐकू न्हाई आलं.”

“…कोण म्हणलं विसरंल? असं विसरतात व्हय बापाला?”

“हां… हां… न्हाई, ते खरं हाय तुझं. आधी दारात पळत यायची, आता येत न्हाई. कारण ती झोपलेली असती, रोहित. तुझ्यावर रुसली म्हणून न्हाई.”

“पाळी बदलून मागितलीस का?… काय म्हणाले साहेब?… पुढल्या महिन्यात बघतो? मग जाऊन परत इचार. इचारायला लाजू नको… बरं.”

मग तो काहीतरी बोलला आणि सुलक्षणाने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर डोंगराच्या अंगाला फार्महाऊसच्या हिरवळीवर पाण्याचे फवारे सुरू झाले होते. ती तिकडे बघत राहिली.

“आज एकदा उठवू म्हणतोस?”

अंगणवाडीत आयांना ती रोज सांगायची, की एकदा नाही म्हटलं की नाहीच. दुसऱ्याच्या पोरांबाबत ते सोपं होतं. इथे धाकटा भाऊ होता. रात्रभर मशीनपुढे उभा राहून आलेला. पोरीने आपल्याकडे बघून हसावं, एवढंच मागत होता, आणि तेही आपल्याच पोरीबद्दल मोठ्या बहिणीला विचारून.

“हे बघ, आज उठवलंस तर उद्या ती आपण होऊन उठंल. परवा तुझी वाट बघत कडीला हात घालंल… मी भ्या घालत न्हाई तुला. ते तू बघितलंयस, मी न्हाई.”



“रोहित? हायेस ना?… पोरगी तुझी हाय. माझं ऐकलंच पायजे असं काही न्हाई.”

“…न्हाई उठवत? बरं… मग असं कर, भिंतीला टेक जरा. डोळं मीट. ती उठली की रेश्मा हाक मारंल तुला… न्हाई चुकायची वेळ. मी हाय ना फोनवर. ठेव तिथंच बाजूला.”

फोन ओट्यावरच ठेवला गेला असावा. लांबून भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा. रेश्मा आंघोळीला गेली असेल. सुलक्षणाला आत जाऊन भाकरी बघता आली असती, पण आत गेलं की फोन तुटला असता. ती उभी राहिली. थोड्या वेळाने फोन घासत सरकल्यासारखा झाला आणि अगदी जवळून कुणाचा तरी श्वास ऐकू आला.

“हॅलो?… रेश्मा?… कोण हाय?”

“…इशू? कधी उठलीस गं?… आत्ता? आत्या बोलते मी… मोठ्यानं बोल की, ऐकू येईना.”

“का बरं?… कोण झोपलंय?”

“…पप्पा? कुटं?… बसल्या बसल्याच?”

“मग तू काय करतीस?… शेजारी बसलीस? बरं केलंस… मम्मीला हाक मार बघू…… नको?… पप्पा उठतील?… बरं, नको मारू.”

आपण कुजबुजायला लागलो आहोत, हे सुलक्षणाच्या लक्षात आलं. मुठ्यातून भऱ्यापर्यंत मध्ये अख्खा डोंगर होता.

“गार लागतंय का तुला?… मग पप्पांची शाल घे अंगावर… त्यांना पण? घाल की मग. दोघांवर घाल.”

“आता ठेवते मी, इशू… तू काही दाबू नको. मी ठेवते.”