पुढचं मला ठाऊक आहे

थेरपिस्ट : मावशी, पुन्हा तुम्हीच त्यांचं वाक्य पुरं केलंत!

ताई : अगं, तो म्हणाला, "मला पाणी..." पुढे काय असणार? दिलं पाणी.

थेरपिस्ट : त्यांना "नको" म्हणायचं होतं. बघा, पेला सरकवला त्यांनी.

ताई : मेली सवयच! अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. गावाचं पहिलं अक्षर ऐकलं की वायर खोचायला माझा हात पुढे. थांबलं तर बोर्डावर दहा दिवे लागायचे.

थेरपिस्ट : आपल्या बोलण्यात होय की नाही ते अगदी शेवटी कळतं. तोवर ऐकणारा अंदाज बांधत राहतो. पक्षाघातानंतर तुमच्या भावाला एकेका शब्दाला वेळ लागतोय. तेवढ्यात तुमचा अंदाज घर बांधून, रंग देऊन मोकळा!

धाकटा : ता... ई.

ताई : बोल रे राजा. हे बघ, तोंडाला कुलूप.

धाकटा : त्या... दिवशी... फोनवर...

ताई : जाऊ दे ना ते आता.

थेरपिस्ट : मावशी, कुलूप.

धाकटा : मी... आईला... माझ्याकडे...

ताई : अगं, पुढचं मला पाठ आहे. तेव्हाही इथवरच आला होता. मी म्हटलं, "ठेवणार नाहीस, कळलं. इथे पाऊल टाकू नकोस." आणि फोन आपटला. सहा वर्षं आईचं एकटीने केलं मी.

थेरपिस्ट : पण त्यांचं बोलणं पुरं झालं होतं का?

ताई : ...नाही. पुन्हा वाजला होता फोन. मी उचलला नाही.

थेरपिस्ट : मग आज ऐका. त्यांच्या ओठांकडे बघू नका, नाहीतर पुन्हा ओळखायला लागाल.

धाकटा : माझ्याकडे... न्यायला...

ताई : न्यायला?

थेरपिस्ट : श्श.

धाकटा : येत...

(ताई तोंडावर पदर दाबून धरते.)

धाकटा : ...होतो.

ताई : अरे देवा.

धाकटा : खोली... रंगवून... घेतली... होती.

थेरपिस्ट : पाणी देऊ का, मावशी?

ताई : नको. आई रोज विचारायची गं. "धाकटा फोनवर नक्की काय म्हणाला?"

थेरपिस्ट : आणि तुम्ही?

ताई : मी सांगायचे, "नाही म्हणाला."