दोन-पाच

(कराड, जानेवारी १९९९. संगणकाची पेटी उघडी. फोनचा स्पीकर चालू. पलीकडे सांगलीचा मित्र शौनक.)

दीपमाला : पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडदा तेवढा काळा. वीरधवल, काय केलंस ह्याला?

वीरधवल : आक्के, वरडू नगंस. तीनशे मेगाहर्ट्झचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवत हुतो. काय पळला गं!

दीपमाला : मग?

वीरधवल : मग बसला.

दीपमाला : उद्या कॉलेजात परीक्षक येणार. माझा एसटीच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम ह्याच पेटीत हाय.

वीरधवल : फ्लॉपी हाय की.

दीपमाला : तिच्यावर तू मोटारींचा खेळ भरलास.

वीरधवल : ...आयला, व्हय की.

शौनक : अरे, व्होल्टेज किती ठेवलंस? वेग वाढवला की दाब किंचित वाढवावा लागतो. किंचितच.

वीरधवल : तू सांगितलंस तेवढंच. दोन-पाच.

शौनक : बरोबर. मुळात दोन, आपण दोन-पाच. माझा कसा लोण्यासारखा चालतो!

दीपमाला : थांबा. वीरधवल, दोन-पाच म्हंजे किती केलंस तू?

वीरधवल : दोन पॉइंट पाच.

शौनक : काय? अरे गाढवा, दोन पॉइंट शून्य पाच!

वीरधवल : शून्य कवा म्हणलास?

शौनक : अडीच म्हणायचं असतं तर अडीच नसतो म्हणालो? अडीचला दोन-पाच म्हणणारा मराठी माणूस दाखव मला!

वीरधवल : तुमच्या सांगलीत काय काय म्हणत्यात, मला काय ठावं? आन् अर्ध्यानं असं काय हुतंय रं?

शौनक : दोनावर अर्धा म्हणजे पाव पट जास्त. घरातल्या विजेत तेवढा दाब चढला ना, तर तुमच्या आबांचा टीव्ही फटाक्यासारखा उडेल.

दीपमाला : आबांना तो टीव्ही पोटच्या पोरापरीस प्यारा हाय. आज तर मॅच हाय, मग लयच.

शौनक : ताई, प्लग काढा. गार होऊ दे. मग बोर्डावरची गोल बॅटरी जरा वेळ काढून ठेवा, म्हणजे आकडे मूळ जागेवर येतील. प्रोसेसर जिवंत असला तर...

दीपमाला : असला तर?

वीरधवल : असंल गं. आक्के, अशी बघू नगंस. काहीतरी बोल की.

दीपमाला : बोलत न्हाई, ओवी गाते. ऐक.
माझ्या बंधवाची घाई, अडीच दाबाचा गं राजा,
यंत्र बसलं रुसून, हाती उरला गाजावाजा.

शौनक : वा ताई!

दीपमाला : तुझं कडवं अजून व्हायचंय, शौनक. (प्लग आणि बॅटरी काढून दहा मिनिटं होतात.) वीरधवल, झाला गार. बॅटरी घाल, प्लग लाव.

वीरधवल : लावला... आला! आक्के, आला! तीनशे. दाब दोन.

शौनक : छान. आता हळूहळू चढव. दोन-शून्य-पाच...

वीरधवल : आत्ता आठवलं व्हय रं शून्य?

दीपमाला : शौनक, तुझा आत्ता कितीवर चालू हाय?

शौनक : माझा? आत्ता... तीनशेवर.

दीपमाला : आन् लोणी?

शौनक : सांगलीत उकाडा फार आहे ताई. सारखा अडकतो.

दीपमाला : जानेवारीत?

शौनक : आई हाक मारतेय. ठेवतो.

वीरधवल : ठेवला गड्यानं! ह्याच्या नादी लागलो मी.

दीपमाला : प्रोग्रॅम उघड आधी.

वीरधवल : उघडतोय... कराड आलं... रहिमतपूर... सगळ्या गाड्या हायत्या, आक्के. लय हळू येत्यात पण.

दीपमाला : येऊ देत हळू. एसटीच हाय ती.